उंचीच्या पायथ्याचा बाजार

आपल्या देशातील सर्वांत उंच बांधकाम कोणते, असे कौटुंबिक मेळाव्यात सहज विचारले, तर कोणी मुंबईच्या निवासी मनोऱ्यांचे नाव घेतो आणि नर्मदाकाठच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचे नाव तर हमखास निघते. तो पुतळा १८२ मीटर उंच आहे आणि तो घडविणारे शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे, याचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु उंचीचा पहिला मान त्याच्याकडे नाही. तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्यात, विजयनारायणम् या गावाजवळ नौदलाचे एक केंद्र आहे. समुद्रात बुडालेल्या पाणबुड्यांना संदेश पाठविण्यासाठी तेथे चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेला ४७१ मीटर उंचीचा खांब उभा आहे. पंजाबात पाकिस्तानच्या सीमेलगत फाजिल्का येथे दूरचित्रवाणीचा मनोरा आहे. त्याची उंची ३०४.८ मीटर, म्हणजे जुन्या मापाने बरोबर १००० फूट. आणि आपल्या विदर्भात पाहायचे, तर कोराडी, मौदा, तिरोडा येथील औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरांड्यांकडे मान वर करून पाहावे लागते.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. मुंबई वगळली, तर देशातील अत्युच्च बांधकामे बहुधा लहान गावांच्या शिवारात उभी आहेत. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्यांची उंची पाहून एकच प्रश्न सुचतो : यांच्या पायथ्याशी जो बाजार आहे, त्याला यातून काय मिळाले? हा प्रश्न आपल्या व्यापारी घरांनी अवश्य विचारावा असा आहे, कारण मोठ्या प्रकल्पाची बातमी आली की पहिली चौकशी जागेच्या भावाची होते आणि दुसरी कर्जाची.

फाजिल्क्याचे पाहा. हे गाव एके काळी लोकरीच्या व्यापारासाठी विख्यात होते. सतलजेच्या मार्गाने तेथील माल सिंधमध्ये आणि पुढे कराचीच्या बंदरापर्यंत जात असे. फाळणीने तो मार्गच तोडला आणि लोकरीची पेठ ओसरली. पुढे २००७ मध्ये तेथे मनोरा कार्यान्वित झाला. देशभरच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत गावाचे नाव आले. पण मनोऱ्यावर दिवा बदलणारा आणि रंग देणारा माणूस किती लोकर विकत घेणार? विजयनारायणम् येथे तर गावकऱ्याला त्या खांबाजवळ जाण्याचीही मुभा नाही, आणि संरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे.

धुरांड्यांची गोष्ट थोडी निराळी. सर्वत्र २७५ मीटर हाच आकडा का आढळतो, याचे कुतूहल मला अनेक वर्षे होते. त्याचे उत्तर नियमात आहे. ५०० मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी किमान २७५ मीटर आणि त्याहून लहान, मध्यम आकाराच्या संचांसाठी २२० मीटर, असा दंडक पर्यावरण नियमांनी घातला होता. धूर जितका वर सोडावा तितका तो दूरवर पसरून विरळ होतो, एवढाच त्यामागचा विचार. अलीकडे धुरातील गंधक काढून घेण्याची यंत्रणा बसविल्यास कमी उंचीही चालते. म्हणजे ही उंची वैभवाची खूण नसून जवळच्या वस्तीचे नाक वाचविण्याची सोय आहे. जे जवळच्यांना नको ते लांबच्यांच्या वाट्याला जाते, हा भाग वेगळा.

असे धुरांडे सरकत्या साच्याने बांधतात. काँक्रीट ओतत जायचे, साचा वर सरकवत न्यायचा. काम रात्रंदिवस चालते. अशा काळात गावात हजारो मजूर उतरतात. खोल्यांची भाडी दुप्पट होतात. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, ताडपत्री, खिळे, बाइंडिंग वायर, चादरी, विडीकाडी, सगळ्याला गिऱ्हाईक मिळते. विदर्भातील अशाच एका प्रकल्पाजवळच्या शाखेत मी काही वर्षे होतो. तेथे आपल्याच समाजातील दोन घरांची किराणा-हार्डवेअरची दुकाने समोरासमोर होती. एका घरातील तरुण मुलाने कॅश क्रेडिटची मर्यादा तिपटीने वाढवून मागितली. त्याच्या वह्या चोख होत्या, विक्री खरी होती, स्टॉक स्टेटमेंट वेळेवर येत असे. त्याचे वडील खुर्चीत गप्प बसले होते. मुलगा म्हणाला, “बाबूजी, संधी रोज येत नाही.” वडिलांनी मला विचारले, “साहेब, हे चिमणीचे काम कधी संपणार?” मुलाला तो प्रश्न अपशकुनासारखा वाटला असावा. कर्ज मंजूर झाले, गोदाम उभे राहिले. समोरच्या दुकानदाराने मात्र मजुरांच्या मुकादमांना रोखीने माल दिला आणि उधारीचे खाते फक्त जुन्या शेतकऱ्यांसाठी ठेवले.

काम संपल्यावर मजुरांची वस्ती महिनाभरात उठली. दोन ठेकेदारांकडची उधारी बुडाली. वीजकेंद्र चालू झाले, पण त्यातील अभियंत्यांची वसाहत निराळी, तिच्या आतले दुकान निराळे, आणि मोठी खरेदी नागपूरला. गोदामाचे हप्ते फेडायला त्या घराला अकरा वर्षे लागली. सुनेचे दागिने आणि नागपूरचा एक प्लॉट त्यात गेला. घर सावरले, नाव राहिले, हे त्यांच्या सचोटीचे फळ. समोरचा दुकानदारही काही गर्भश्रीमंत झाला नाही, त्याचे पूर्वी होते तेवढे राहिले. मात्र त्याला रात्री झोप येत असे.

आपल्या श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. व्यवहारासाठी कोणत्या दिशेला किती दूर जायचे, याची मर्यादा गृहस्थाने स्वतः आखून घ्यायची. लहानपणी पाठशाळेत हे शिकताना मला मौज वाटे ती अशी, की त्यात चार दिशांबरोबर वरची आणि खालची दिशाही मोजली आहे आणि ‘ऊर्ध्वव्यतिक्रम’ म्हणजे वरच्या दिशेची मर्यादा ओलांडणे हा स्वतंत्र अतिचार सांगितला आहे. पर्वतावर चढण्याचा तो संदर्भ. कर्जाच्या फायली हाताळताना मात्र हा शब्द मला फार वेगळ्या अर्थाने आठवत असे.

उंच उभारण्याला आपल्या परंपरेचा विरोध आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दिगंबर मंदिरासमोर मानस्तंभ असतो. त्याच्या दर्शनाने मान गळावा ही त्याची योजना. चित्तोडच्या गडावरील सात मजली कीर्तिस्तंभ जीजा नावाच्या बघेरवाल व्यापाऱ्याने आदिनाथांच्या नावाने उभारला. पुढे राणा कुंभाने त्याच गडावर त्याहून उंच विजयस्तंभ बांधला, ही गोष्ट निराळी. या बघेरवालांचे वंशज आज कारंजा परिसरात आपले शेजारी आहेत. मांगी-तुंगीच्या डोंगरात कोरलेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली. श्रवणबेळगोळची ५७ फुटी गोमटेश्वर मूर्ती तर हजारहून अधिक वर्षे उभी आहे. तिच्या पायाशी चावुंडरायाचे कर्तृत्व सांगणारा लेख मराठीतही कोरलेला आहे. श्रवणबेळगोळ हे गाव मूर्तीच्या पायथ्याशी दहा शतके नांदले, याचे कारण ५७ फुटांत शोधून सापडणार नाही. रोजचा यात्रेकरू, मठ, आणि दर बारा वर्षांनी येणारा महामस्तकाभिषेक, हा तेथला खरा भांडवलाचा पुरवठा. मूर्ती घडवून कारागीर गेले, तरी गिऱ्हाईक येतच राहिले. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर बांधकाम हा एकदाचा खर्च आणि दर्शन हे आवर्ती उत्पन्न.

पण गिऱ्हाईक येणे थांबले तर काय होते, हे पाहायला आम्हा पवनीकरांना दूर जावे लागत नाही. तीन बाजूंनी मातीचा तट, चौथ्या बाजूला वैनगंगा, अशा या गावाच्या जगन्नाथ टेकडीवर आमच्या पिढीतील मुले खेळली. वर जगन्नाथाचे मंदिर; खाली काय आहे याची कोणाला कल्पना नव्हती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी हे त्याचे प्रमुख. टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. गावाजवळ दुसऱ्या टेकडीखालीही एक निघाला. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर आहे. पवनीच्या स्तूपांचा घेर त्याहून मोठा भरला. सांचीचा स्तूप साडेसोळा मीटर उंच आहे, त्यावरून आमच्या टेकडीवर एके काळी काय उभे असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा. वैनगंगेतून येणाऱ्या माणसाला गावाआधी तोच दिसत असणार.

मला त्याहून मोलाचे वाटतात ते दगडी कठड्यांवरील ब्राह्मी लेख. त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, स्त्रियांचीही आहेत. सांचीला हेच दिसते. तेथे विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांच्या श्रेणीने तोरणाचे काम केल्याचे कोरलेले आहे आणि दात्यांमध्ये श्रेष्ठी, म्हणजे त्या काळचे आपल्यासारखे सावकार-व्यापारी, पुष्कळ आहेत. राजाच्या एका आज्ञेने नव्हे, एकेक खांब, एकेक आडवी पट्टी याप्रमाणे वर्गणीने हे उभे राहिले. ज्यांचा पैसा लागला त्यांचेच येणे-जाणे तेथे होते. पवनी हे नदीमार्गावरचे व्यापारी ठाणे होते. महाक्षत्रप रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ येथे मिळाला, भार वंशातील भगदत्त राजाचा लेख मिळाला. बाहेरची माणसे येथे येत होती, याचे हे दाखले. पुढे भिक्षू गेले, दाते गेले. घुमट ढासळला, त्यावर गवत वाढले आणि स्तूपाची टेकडी झाली. गाव मात्र उठले नाही. कोष्टी रेशीमकाठी कापड विणत राहिले, धानाचा बाजार भरत राहिला, घाटावर लोक येत राहिले. येथे उंची गेली आणि पेठ उरली, असा उलटा क्रम लागतो.

आता नदीवर नवी बांधकामे आली आहेत. पवनीच्या वरच्या अंगाला, काही मैलांवर, गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्च हजारो कोटींत गेला. धरणाची उंची अवघी साडेबावीस मीटर, पण लांबी अकरा किलोमीटरांवर. मौद्याच्या २७५ मीटरच्या धुरांड्यांखाली जे बॉयलर चालतात, त्यांना पाणी याच जलाशयाचे. म्हणजे आमच्या बुटक्या धरणावर ती उंच धुरांडी जगतात. धरणात शेते आणि घरे गेलेल्या कुटुंबांचे मोबदल्याचे पैसे बँकेत आले, तेव्हा मोटारसायकलींची दुकाने वर्षभर तेजीत होती. २०२० च्या ऑगस्टमध्ये धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, तेव्हा पवनीच्या खालच्या वस्तीत पाणी शिरले आणि दुकानांतील धान्याची पोती भिजली. मुदत ठेवीचे व्याज आणि विम्याचा हप्ता यांत कोणता खर्च टाळू नये, हे त्या आठवड्यात अनेकांना समजले.

धरणाच्या फुगवट्यावर आंभोऱ्याला, जेथे पाच नद्यांचा संगम आहे, तेथे २०२४ मध्ये तारांच्या आधारावरचा नवा पूल खुला झाला. मधल्या मनोऱ्यावर, सुमारे चाळीस मीटर उंचीवर, प्रेक्षक गॅलरी आहे. हे आंभोरा मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची भूमी मानले जाते; अंबाजोगाईचाही तसा दावा आहे, त्या वादात मी शिरत नाही. या पुलाने नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील अंतर कमी केले, आणि जो पूल रोज ओलांडावा लागतो त्याच्या पायथ्याला मी धुरांड्याच्या पायथ्यापेक्षा बरी पत देईन. पण पूल ओलांडणारा थांबतोच असे नाही. अंतर कमी झाले की नागपूरची पेठही तितकीच जवळ येते, हे आपल्या दुकानदारांनी विसरू नये.

मागील महिन्यात समाजातील एक तरुण माझ्याकडे आला. आंभोऱ्याच्या रस्त्यावर त्याला शुद्ध शाकाहारी भोजनालय काढायचे आहे. वर सहा खोल्या, पंचवीस लाखांचे कर्ज, वडिलांचे पवनीतील दुकान तारण. त्याने गाड्यांची मोजणी करून आणली होती, आणि ती प्रामाणिक होती. पण ती जानेवारीतील एका रविवारची होती. मी त्याला म्हटले, “भाऊ, आषाढातल्या एका मंगळवारी दिवसभर छत्री घेऊन तिथे उभा राहा. किती गाड्या गेल्या ते लिही, आणि किती थांबल्या ते वेगळ्या रकान्यात लिही. मग प्रकल्प अहवाल आपण दोघे बसून करू.” तो हसला, चहा घेतला आणि गेला. दुकानाची कागदपत्रे तूर्त त्याच्या आईच्या कपाटात आहेत. आषाढाला अजून अवकाश आहे.