प्लॉट जोडा, पण आमच्या सह्या त्यात बुडवू नका

"नियम सैल करा, शेजारचे प्लॉट एकत्र करू द्या, घरे आपोआप वाढतील." बिल्डरपासून मंत्रालयापर्यंत सध्या हाच जप चालू आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने झोपडपट्टी समूह पुनर्विकास योजना मंजूर केली. सलग किमान 50 एकर जमीन, त्यात 51 टक्क्यांहून जास्त झोपडपट्टी, की तो सगळा पट्टा एकच योजना.

आपले काही कार्यकर्ते 'क्लस्टर' शब्द ऐकताच मोर्चाची तारीख ठरवतात. मला ते पटत नाही. डिसेंबर 2015 मध्ये कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात आग लागली, शेकडो संसार जळाले. जिथे समोरून माणूस आला तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, तिथे बंब शिरणार कुठून? पश्चिमेला चारकोपमध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून 1980 च्या दशकात पाडलेल्या पंचवीस-तीस मीटरच्या प्लॉटवर एकट्या घराची इमारत होत नाही. शिवाय सर्वसाधारण नियमात एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. 9 मीटरहून अरुंद रस्त्यावर 1, तर 27 मीटरच्या रस्त्यावर 2.5 पर्यंत. जमीन जोडल्याशिवाय गल्लीचा रस्ता होत नाही, हे मान्य करून टाकूया.

पण जमिनीबरोबर आणखी काय जोडले जाते?

साथींनो, हिशोब करा. समजा आपल्या वस्तीत 80 घरे, शेजारच्या वस्तीत 420. दोन्ही एकत्र केल्यावर 500. झोपुच्या 33(10) खाली 51 टक्के संमती लागते, म्हणजे 255 सह्या. त्या सगळ्या शेजारून मिळतात. आपल्या 80 पैकी एकाचीही सही नसली तरी कागदावर आपण 'संमत' आहोत! आणि सरकारी संस्थेने योजना हाती घेतली तर ही अटही सुटते.

हे गणित आंबेडकरी माणसाला नवीन नाही. संयुक्त मतदारसंघात आपला प्रतिनिधी दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येतो, हेच बाबासाहेब सांगत होते. 24 सप्टेंबर 1932 च्या पुणे करारात नाइलाजाने संयुक्त मतदान स्वीकारले, तरी राखीव जागेसाठी चार उमेदवार आधी आपणच निवडायचे, ही प्राथमिक निवडणूक त्यात होती. झोपुच्या संमतीत तेवढीही सोय नाही.

यात जातीचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी कोणत्याही उपनगरातल्या नाल्याकाठी जावे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली माणसे जिथे जागा मिळाली तिथे, पण आपल्या माणसांजवळ राहिली. गावकुसाबाहेरचा माणूस शहरातही काठावरच बसला. म्हणून क्लस्टर झाला की बौद्ध वस्ती बहुतेक वेळा त्यातला छोटा तुकडा असते.

मग नकाशात विहार कुठे जाते ते बघा. धार्मिक वास्तूला आधी होते त्याहून जास्त क्षेत्र देता येत नाही, असा नियम आहे. जागा कुठली, हे आराखड्यात ठरते. आपल्याकडे विहार म्हणजे नुसती वंदनेची जागा नसते. तिथेच अभ्यासिका, तिथेच महिलांची बैठक, तिथेच लग्न जुळते. ते सातव्या मजल्यावरच्या खोलीत गेले तर जयंतीची मिरवणूक निघणार लिफ्टमधून?

म्हणतील, प्रत्येक वस्तीची संमती वेगळी मोजली तर एक वस्ती पाच वस्त्यांना अडवून धरेल. धरू दे ना! अडवण्याची ताकद नसलेल्या माणसाच्या दारात बिल्डर चहालाही थांबत नाही. बोलणी करावी लागतील, त्या वस्तीला चांगली जागा द्यावी लागेल, नाहीतर तिला वगळून आराखडा काढावा लागेल. घरांचा पुरवठा त्याने थांबत नाही, फक्त नफा थोडा कमी होतो.

आपल्या भागात सर्वेक्षण सुरू झाले असेल तर परिशिष्ट-2 लागण्याची वाट पाहू नका. वस्तीची वेगळी सभा घ्या, वेगळा ठराव करा, घरांची वेगळी यादी जोडा आणि झोपु प्राधिकरणाच्या आवकमधून शिक्का मारून पोच घ्या. ठरावात दोनच ओळी पुरेत: आमच्या वस्तीचे 51 टक्के वेगळे मोजा, आणि विहाराची तळमजल्यावरची जागा नकाशात दाखवल्याशिवाय आमची एकही सही धरू नका.

जय भीम!