रेट विचारतो, अर्थिंग कोण विचारणार?

चार-पाच जणांनी मिळून कॅम्पर व्हॅन भाड्यानं घ्यायची आणि कोकणात समुद्राकाठी मुक्काम ठोकायचा. प्लॅन भारी आहे. राज्य सरकारनंही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण बुकिंग करताना आपण विचारतो काय? एसी आहे का, टॉयलेट आहे का, रेट काय. विजेबद्दल प्रश्न एकच, चार्जिंग पॉइंट किती?

विचारायला हवं ते वेगळंच. ही गाडी म्हणजे रबरी टायरवर उभं असलेलं घर. तिचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त थ्री पिन प्लगच्या जाड पिनेतून. मुक्कामाच्या ठिकाणी सॉकेटला अर्थिंगच नसेल, किंवा कुणी दोन तारांचं एक्स्टेंशन ओढून दिलं असेल, तर तो संबंधही तुटला. अशात फेजची वायर घासून पत्र्याला टेकली, की अख्खी बॉडी 230 व्होल्टवर. फ्यूज उडत नाही, एसी मस्त चालू राहतो. आत बसलेल्यांनाही काही जाणवत नाही, कारण भोवतालचा पत्रा आणि ते एकाच व्होल्टेजला असतात. समुद्रातून ओल्या पायांनी आलेला मित्र बाहेरून दाराला हात लावतो, तेव्हा करंट त्याच्या शरीरातून जमिनीत उतरतो.

हाताला झिणझिण्या आल्या तर 'थोडा करंट मारतोय' म्हणून आपण हसून सोडून देतो. पण दोष तोच असतो, फक्त पाय कोरडे असल्यानं निभावलेलं असतं.

'एमसीबी आहे ना' हे उत्तरही पुरेसं नाही. एमसीबी वायर वाचवतो. शरीरातून 100 मिलिअँपिअर गेले तरी हृदय बंद पडू शकतं, 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणूस वाचवायला 30 मिलिअँपिअरला पडणारा आरसीसीबी लागतो. तो प्रत्येक भाड्याच्या व्हॅनमध्ये आणि मुक्कामाच्या प्रत्येक पॉइंटवर सक्तीचा हवा, तपासलेल्या अर्थिंगसकट.

तोवर आपणच बघायचं. केबल तीन तारांची आहे ना? प्लग लावल्यावर बॉडीला हात लावण्याआधी टेस्टर लावला का? आणि कुणाला करंट लागलाच तर त्याला धरून ओढायचं नाही. आधी सप्लाय बंद करायचा, मग 108 ला फोन.

रेटवरून घासाघीस करायला आपण लाजत नाही. मग 'आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखवा' म्हणायला कसली लाज?