डायब्लोचा बीटा: खेळलो, आवडला, पैसे नाही भरले

शुक्रवारी, २४ मार्चला रात्री साडेनऊला ‘डायब्लो ४’चा ओपन बीटा सुरू झाला आणि माझा वीकेंड संपला. नेरूळमधला मार्चचा उकाडा, पंखा पाचवर, आणि स्क्रीनवर मात्र गुडघाभर बर्फ. ४५ जीबीचं डाउनलोड आदल्या दिवशीच उरकून ठेवलं होतं.

आधी जे आवडलं ते सांगतो. सुरुवातीलाच एका गावातले लोक आपल्याला प्रेमाने खाऊ-पिऊ घालतात. जेवणात गुंगीचं औषध असतं. शुद्धीवर येता तेव्हा बळी द्यायला तुमची गाडी निघालेली! पुढे क्योवाशाद नावाच्या शहरात शिरायचं तर लाकडाच्या तुकड्यावर आपलं पाप लिहून आगीत टाकावं लागतं. होळी नुकतीच झालेली, त्यामुळे हे फारच जवळचं वाटलं. तिसऱ्या भागाचे रंग अनेकांना कार्टूनसारखे वाटले होते. इथे सगळं अंधारं, ओलं, कुजलेलं आहे. आणि असंच हवं होतं.

मी नेक्रोमॅन्सर घेतला. सांगाडे उठवायचे, ते मारामारी करणार, आपण मागे उभं राहून सुपरव्हिजन. माझ्या धाकट्या भावाचा दहावीचा शेवटचा पेपर शनिवारी संपला. दप्तर टाकून त्याने ड्रुइड निवडला आणि दोन तास मारच खात बसला. सुरुवातीच्या लेव्हल्सना या दोघांत एवढा फरक असेल, तर बॅलन्सचं काम बरंच बाकी आहे. डंजनचंही तेच. दार बंद, कुठून तरी दगड उचलून आणा, चौथऱ्यावर ठेवा, मग दार उघडणार. पुढच्या डंजनमध्ये पुन्हा तीच हमाली. आलेल्या वाटेने परत जाण्यात अर्धा वेळ जातो.

पण हे सुधारता येतं, बीटा त्यासाठीच असतो. मला खटकलं ते वेगळं. हा गेम एकट्याने खेळायचा असला तरी इंटरनेट लागतंच. रविवारी दुपारी लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी फुल, पण राउटर बंद, म्हणजे गेमही बंद. पैसे देऊन घेतलेली वस्तू आपल्याच घरात, आपल्याच मशिनवर चालू नये? २०१२ साली तिसरा भाग आला तेव्हा पहिल्याच दिवशी जगभरच्या खेळाडूंनी ‘एरर ३७’ पाहत रात्र काढली होती. तो किस्सा आजही गेमर्स विसरलेले नाहीत. म्हणून सर्व्हरवर गर्दी करून बघणं हे या बीटाचं खरं काम होतं, आणि ते आपण केलं. रांगेत उभं राहणं हीसुद्धा टेस्टच की!

मग प्रश्न असा, की टेस्ट त्यांची तर फी आपण का भरायची? आदल्या वीकेंडला, १७ मार्चपासून, ज्यांनी आगाऊ बुकिंग केलं त्यांना आधी प्रवेश होता. तोही पाचपैकी तीनच क्लासेसचा. ड्रुइड आणि नेक्रोमॅन्सर नंतर आले. (अमेरिकेत तर केएफसीच्या सँडविचवरही कोड मिळत होता. चिकन खा, राक्षस मारा.) माझ्या ग्रुपमधल्या दोघांनी ‘सगळे खेळतायत’ म्हणून पॉकेटमनी ओतला. बिल्डिंगमधले बाकीचे नंतर फुकटात तेच खेळले, उलट जास्तच क्लासेस घेऊन.

गेम ६ जून २०२३ला येणार होता. तोवर डंजन बदलतात का, ड्रुइडला जरा जीव येतो का, सर्व्हर तग धरतात का, हे कळणारच होतं. लेव्हल २५ च्या पुढे काय आहे ते तेव्हा आपण पाहिलेलंच नव्हतं. ट्रेलर बघून तिकीट काढणं आणि एवढे पैसे भरणं यात फरक आहे, निदान ज्याचं बजेट आईकडून पास होतं त्याच्यासाठी.

बीटातलं आपलं कॅरेक्टर पुसलं जाणार होतं. उरणार होतं एकच. लेव्हल २० गाठणाऱ्यांना पाठीवर झोळीत झोपलेलं लांडग्याचं पिल्लू मिळणार होतं, पण ते खऱ्या गेममध्ये, म्हणजे गेम घेतला तरच. भावाने रविवारी रात्री एकपर्यंत जागून लेव्हल २० पूर्ण केली. आता रोज विचारतो, “दादा, आपलं पिल्लू कधी आणायचं?”