घरातील मॉन्टेसरी आणि आपले कौमारभृत्य

कौमारभृत्य हे आयुर्वेदाच्या अष्टांगांपैकी एक अंग. तथापि आपल्या दैनंदिन चिकित्साव्यवहारात ते कास, कृमी, अरुची आणि सुवर्णप्राशन एवढ्यापुरतेच उरले आहे, असे खेदाने म्हणावे लागते. बालकास उचलावे कसे, निजवावे कोठे, खेळण्यास काय द्यावे, भरवावे कसे, हाही या शास्त्राचा मूळ विषय होय. आज नेमके हेच प्रश्न घेऊन तरुण माता आपल्यापुढे येऊन बसते. मूल घरीच मॉन्टेसरी पद्धतीने वाढवावे असे तिने वाचलेले असते, आणि ते आपल्या शास्त्रात बसते का, अशी ती विचारणा करते. या प्रश्नाला वैद्याजवळ निश्चित उत्तर असावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मॉन्टेसरी हे बाजारातील महागड्या लाकडी खेळण्यांचे नाव नव्हे, की गल्लीतील कोणत्याही बालवर्गाच्या पाटीवर लिहिण्याची उपाधी नव्हे. डॉ. मारिया मॉन्टेसरी (१८७०-१९५२) या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर. १८९६ साली रोम विद्यापीठातून त्यांनी ही पदवी घेतली आणि १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. मुलाला आधी पाहावे, मग शिकवावे, हा त्यांचा मार्ग. रुग्णपरीक्षणाची सवय असलेल्या चिकित्सकालाच तो सुचावा यात नवल नाही. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. अड्यार आणि कोडाईकनाल येथे त्यांचे कार्य चालले.

त्या येण्यापूर्वीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धती भावनगरच्या बालमंदिरात रुजविली होती. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, ती आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच तेथील साधने. ज्या पद्धतीला कोसबाडच्या अंगणात पैसा लागला नाही, तिला आज आपल्या घरात हजारोंचा खर्च का यावा, हा प्रश्न पालकांना अवश्य विचारावा.

आता आपल्या संहितांकडे वळू. सुश्रुताचार्यांनी बालकाचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे भेद केले. पहिले दोन, म्हणजे जन्मापासून दोन वर्षांपर्यंतचा काळ, हाच प्रस्तुत चर्चेचा गाभा. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे वर्णन आहे. त्याच ओघात खेळणी कशी असावीत तेही सांगितले आहे: विविध, आवाज करणारी, मनोहर, वजनाला हलकी, टोक तीक्ष्ण नसलेली, तोंडात न जाणारी, जिवाला अपाय न करणारी आणि भीती न वाटणारी. लगेच पुढे बजावले आहे की मूल रडते, जेवत नाही वा ऐकत नाही म्हणून त्याला राक्षस-पिशाचाचे नाव घेऊन घाबरवू नये. आजच्या घरात पिशाचाची जागा बागुलबुवाने, पोलिसाने आणि सुई टोचणाऱ्या डॉक्टरने घेतली आहे. आपल्या दालनात पाऊल टाकताच मूल किंचाळते, त्याचे एक कारण घरीच पेरलेले असते.

सुश्रुताचार्य तर अधिक बारकाईने बोलतात. बालकाला त्याच्या अंगाला सुख होईल असे उचलावे, दरडावू नये, एकाएकी जागे करू नये, अचानक हिसकावू वा वर उडवू नये, अकाली बसवू नये आणि सदैव त्याच्या कलाने वागावे, असा त्यांचा उपदेश. मॉन्टेसरी विचारात अर्भकाला आंघोळ घालताना वा कपडे बदलताना काय करीत आहोत ते त्याला सांगावे, घाई करू नये, त्याच्या देहाला वस्तूसारखे हाताळू नये, यावर जो भर आहे, तो याहून वेगळा नाही.

येथे एक सावधगिरी हवी. "हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच" असे म्हणून समाधान मानण्याची आपल्याला खोड आहे. मूल स्वतः काम करण्यासाठी आतुर असते, ठरावीक वयात ठरावीक गोष्टीकडे त्याची विलक्षण ओढ असते, आणि त्या वेळी मोठ्यांनी आपला हात आवरावा, हा सिद्धांत इतक्या स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय मॉन्टेसरींचेच आहे. ते मोकळेपणाने द्यावे. आपण त्यात अग्नीचा, वेगांचा आणि वाताचा विचार मिळवावा. या संयोगाचा लाभ तीन ठिकाणी विशेष दिसतो.

पहिले ठिकाण गतीचे. अकाली बसविल्यास पाठीला बाक येईल, हे भय सुश्रुताचार्यांनी नोंदविले आहे. आज उशांच्या आधाराने चार महिन्यांचे मूल बसविले जाते आणि आठव्या महिन्यात चाकांच्या वॉकरमध्ये घातले जाते. वॉकरमुळे चालणे लवकर येत नाही. उलट जिन्यावरून पडणे, भाजणे असे अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली. त्यापेक्षा स्वच्छ जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि मुलाला पालथे पडू, सरकू, रांगू द्यावे. काश्यपसंहितेतही बालकाला खेळण्यांच्या सान्निध्यात भूमीवर बसविण्याचा विधी आहे. अभ्यंगाने पुष्ट झालेल्या स्नायूंना हालचालीची मोकळीक मिळाली नाही, तर त्या तेलाचा उपयोग अर्धाच.

दुसरे ठिकाण आहाराचे. "काही खात नाही" ही आपल्याकडील नित्याची तक्रार, आणि अरविंदासवाची बाटली हे तिचे नित्याचे उत्तर. बाटली लिहिण्यापूर्वी मूल जेवते कसे, हे विचारले पाहिजे. बहुधा उत्तर एकच येते: मोबाइल समोर धरून, तोंड उघडेल तेव्हा घास कोंबून. आधीचे अन्न जिरल्यावर, फार भरभर नाही, फार रेंगाळत नाही, आणि जेवणातच मन ठेवून जेवावे, हा चरकाचार्यांचा आहारविधी मोठ्यांप्रमाणेच मुलांनाही लागू आहे. पडद्याकडे लागलेल्या मनाला भूक आणि तृप्ती दोन्ही कळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये अशीच दिशा दाखविली आहे. दुसऱ्या संघटनेने तर दोन वर्षांखालील मुलांस प्रसंगोपात्त व्हिडिओ कॉल वगळता पडदा नकोच, असे सांगितले आहे. मॉन्टेसरींचा उपाय साधा आहे: ठेंगणी बैठक, छोटी वाटी, छोटा चमचा आणि सांडण्याची मुभा. आपल्याकडे पाट आहेच. मऊ भाताचे घास मूल स्वतः उचलते, निम्मे सांडते, पुरे झाले की तोंड फिरवते. ते फिरविलेले तोंड हा अग्नीचा निरोप समजावा.

तिसरे ठिकाण वेगांचे. सर्व व्याधी वेग बळाने प्रवृत्त केल्याने वा अडविल्याने होतात, हे वाग्भटाचार्यांचे वचन आपण विद्यार्थिदशेत पाठ केले. परंतु दीड वर्षाच्या मुलाला अर्धा तास भांड्यावर बसवून "कर, कर" म्हणणे हे उदीरण, आणि रागावल्यामुळे भेदरून मुलाने मल रोखणे हे धारण, ही सांगड आपण घालत नाही. हट्टी मलबद्धतेची अनेक बालके येथेच घडतात. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबावे, भांडे त्याच्या हाताशी ठेवावे, यश-अपयशाचा गाजावाजा करू नये. मृदू विरेचनापूर्वी ही चिकित्सा करावी.

तथापि नव्याचे अंधानुकरणही नको. सव्वा वर्षाच्या मुलापुढे हरभरे-राजमा ओतण्याचा खेळ मांडलेला अनेक घरांत दिसतो. नाकात अडकलेला हरभरा काढण्याची वेळ ज्यांच्यावर आली त्यांना हे सांगणे न लगे. श्वासमार्गात गेलेला दाणा तर प्राणघातक. "तोंडात न जाणारी" ही चरकाचार्यांची अट येथे शब्दशः पाळावी. ओतायला पाणी द्यावे, घड्या घालायला हातरुमाल द्यावेत, निवडायला मेथीची जुडी द्यावी. वाजणाऱ्या खेळण्यांतील बटणासारखा सेल गिळला गेल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तशी खेळणी या वयात घरात नसणेच बरे. तसेच स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. निजण्या-जेवण्याची वेळ, वस्तूंची जागा आणि "नको" चा अर्थ रोज तोच राहिला पाहिजे.

शेवटी संघटनेपुढे एक सूचना. दर पुष्य नक्षत्राला, म्हणजे सत्तावीस दिवसांनी, गावोगावी सुवर्णप्राशनाची शिबिरे भरतात. तान्ह्या मुलासह माता पुन्हा पुन्हा आपल्याकडे येते, अशी संधी इतर चिकित्सकांना क्वचितच लाभते. दोन थेंब देऊन रांग पुढे सरकविण्यात ती वाया जाऊ नये. प्रत्येक मातेला पाचच प्रश्न विचारावेत: जेवताना पडदा सुरू असतो का? मूल दिवसातून किती वेळ जमिनीवर मोकळे असते? घरात वॉकर आहे का? मुलाला कशाची भीती दाखविली जाते? आज त्याने आपल्या हाताने काय केले? उत्तरे रुग्णपत्रिकेवर लिहावीत आणि पुढील पुष्याला त्यांतील एकाच गोष्टीचा पाठपुरावा करावा. सासूबाई वा आजी सोबत असल्यास त्यांच्याशीच आधी बोलावे, कारण घरातील निम्मे निर्णय त्यांचे असतात.

संघटनेने या पाच प्रश्नांचे एक मराठी पत्रक छापून प्रत्येक सभासदाकडे पाठवावे, अशी विनंती आहे. मेधेसाठी सुवर्ण द्यावे, यात दुमत नाही. परंतु ज्या घरात ती मेधा वाढायची, त्या घराकडे वैद्याचे लक्ष नसेल, तर कौमारभृत्य हे नाव आपण धारण करणे योग्य ठरणार नाही.