घोडा बिथरतो कशामुळे? आधी शिकायचं कुणी?

माथेरानमध्ये मोटारींना बंदी, त्यामुळे अनेक पर्यटकांची भिस्त घोड्यांवर. घोडा बिथरला की खापर त्याच्या स्वभावावर. प्रत्यक्षात त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळपास ३५० अंशांतलं दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. सेल्फीवाले नेमके तिथेच घुसतात!

घोड्यांच्या वर्तनावरच्या कार्यशाळेत खरं तर माणसालाच शिकवतात. लगाम ओढल्यावर घोडा थांबला, की त्याच क्षणी सैल सोडायचा. तीच त्याची शाबासकी. ओढतच राहिलं तर घोडा ओढ अंगवळणी पाडून घेतो आणि हट्टी ठरतो. घोडेवाल्यांना हे अनुभवाने कळतं, पाठीवर बसलेल्या पर्यटकाला नाही. मग स्वारीआधी पाच मिनिटांचा हा धडा सक्तीचा का नसावा?