वलवणच्या तळ्याकांठीं

दिवाळीची सुटी जवळ आली, कीं मुलांना कोठें न्यावें हा प्रश्न घरोघर उपस्थित होतो. मुलांचा ओढा तळ्याकांठीं तंबूंत रात्र काढण्याकडे असतो. वडील मंडळी पाण्याच्या भयानें ‘नको’ म्हणतात. हें भय निराधार नाहीं. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत चार मुलें होतीं. तथापि मुलांस घरीं कोंडून ठेवणें हा उपाय नव्हे. त्यांस पाण्याची ओळख करून देणें हाच खरा उपाय होय, असें आमचें मत आहे.

त्या कामीं लोणावळ्यानजीकचें वलवण फार सोयीचें. तेथील विस्तीर्ण जलाशय नवख्यास निसर्गनिर्मित वाटावा. परंतु तो मनुष्यकृत आहे. टाटांच्या जलविद्युत्-योजनेची कोनशिला १९११ सालीं बसली व १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह चालू झालें. लोणावळा, वलवण व शिरोटा येथें सांठविलेलें पावसाळ्याचें पाणी खंडाळ्याहून नळांवाटे सुमारें १,७०० फूट खालीं उतरून तेथील चक्रें फिरवितें. जें पाणी इंद्रायणी, भीमा व कृष्णा ह्यांच्या मार्गानें पूर्वसमुद्रास जावयाचें, तें अशा रीतीनें पाताळगंगेवाटे पश्चिमसमुद्रास मिळतें! सह्याद्रीचा जलविभाजक आम्हीं फळ्यावर कितीदां तरी काढला असेल. परंतु येथें उभें राहून तो जसा उमजतो, तसा फळ्यावर नाहीं. शेजारच्या मुळशीस अशाच धरणाखालीं जमिनी जाऊं लागल्या, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट प्रभृतींनीं सत्याग्रह केला, हेंही मुलांस सांगावें. घरांतील दिव्याची किंमत मग त्यांस निराळी कळेल.

धरणाच्या आवारांत मात्र परवानगीवांचून शिरूं नये. मुक्कामास तुंगार्लीच्या वाटेनें सुमारें १५ किलोमीटरांवरील राजमाचीस जावें. तेथें श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले, पायथ्याशीं उधेवाडी, आणि जवळच शिवालय व जुना तलाव आहे. तंबू गांवकऱ्यांस विचारूनच ठोकावा.

आतां नियम. तंबू ओढ्याच्या पात्रांत नको, उंचवट्यावर हवा. वर डोंगरांत पाऊस झाला, कीं आपल्या माथ्यावर आकाश निरभ्र असतांही ओढा फुगतो. पाणी एकाएकीं गढूळ झालें, पालापाचोळा वाहूं लागला किंवा आवाज वाढला, तर सामान सोडून तत्काळ चढणीस लागावें. वाहतें पाणी गुडघ्यावर असेल, तर ओलांडूं नये. कांठचा गाळ वरून सुकलेला दिसला, तरी आंत पाय रुततो. साबण व खरकटें पाण्यांत जाऊं देऊं नये. चूल निघण्यापूर्वीं पाणी ओतून विझवावी. एकत्र कुटुंबांत मुलें पांच-सात असावयाचींच. म्हणून दर दोन मुलांमागें एक जाणतें माणूस नांवानिशीं नेमावें. ‘सर्वांचें लक्ष आहे’ म्हणजे कोणाचेंच नाहीं.

अमरकोशांत पाण्याच्या नांवांमध्यें ‘जीवन’ असें एक नांव आहे. त्या जीवनाशीं मर्यादेनें कसें वागावें, हें मुलांनीं आपल्या काका-मामांचें बोट धरून बालपणींच शिकावें. पुढें तीं मित्रांबरोबर एकटीं जातील, तेव्हां तें बोट हातीं नसेल. शिकलेलें तेवढें बरोबर असेल.