फोन सर्वांचा, मग खर्चही सर्वांचा



बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील जिरायती भागात लोणी भापकर हे गाव आहे. तेथील मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प पाहावयास लांबून लोक येतात. तुमच्यापैकी काहींची सहलही तेथे गेली असेल. आज मात्र आपल्याला तेथे मंदिर पाहावयाचे नाही.

समजा, अशा गावाबाहेरच्या एका वस्तीवर कर्णबधिर नवरा-बायको राहतात. रात्रीचे दोन वाजले आहेत आणि त्यांच्या लेकराला साप चावला आहे. घरात मोबाइल आहे, त्याला रेंज आहे. १०८ लावला की रुग्णवाहिका येते, हेही त्यांना ठाऊक आहे. फोन लागतो. पलीकडून कोणी विचारते, "काय झाले? पत्ता सांगा." आणि येथेच सारे अडते. यंत्र चालू, मनोरा चालू, पण त्या घरापुरता फोन बंद!

गंमत पाहा, ज्या माणसाने १८७६ साली टेलिफोनचे पेटंट घेतले तो अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा मुळात कर्णबधिरांचा शिक्षक होता. त्याच्या आईला नीट ऐकू येत नसे, पत्नीला मुळीच येत नसे. त्याच्या यंत्राने सारे जग जोडले. पण कर्णबधिर माणूस त्यामुळे आणखीच बाजूला पडला. पूर्वी निरोप न्यावयास सगळ्यांनाच चालत जावे लागे. आता इतरांचे काम फोनवर होऊ लागले आणि याची पायपीट तेवढी उरली. (बेलसाहेबांना कर्णबधिरांनी खुणांची भाषा वापरणेही पसंत नव्हते. थोर माणसेही चुकतात.)

जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९६४ साली, यावर तोड काढली ती रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने. तो स्वतः कर्णबधिर होता. तारेने मजकूर पाठवणारे जुने टेलिप्रिंटर तेव्हा मोडीत निघत होते. त्याने अक्षरांचे संकेत दोन सुरांत बदलणारे साधन तयार केले. एक सूर १४०० हर्ट्झचा, दुसरा १८०० हर्ट्झचा. टेलिफोनची तार सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढेच आवाज वाहून नेते, आणि हे दोन्ही सूर त्यात आरामात बसतात. फोनचा रिसीव्हर त्या साधनावर ठेवला की इकडे टंकलेला मजकूर तिकडे कागदावर उमटे. तारेला काय, बोलणे आणि टंकणे सारखेच!

पण असे यंत्र विकत घ्यावयाचे कोणी? आणि पलीकडच्या दुकानदाराकडे ते नसले तर? कॅलिफोर्नियाने १९७९ साली कायदा केला. प्रत्येक फोनबिलावर काही सेंट जादा घ्यावयाचे आणि त्यातून कर्णबधिर ग्राहकांना ही यंत्रे द्यावयाची. १९८७ पासून तेथे मध्यस्थ सेवाही सुरू झाली. कर्णबधिर माणूस टंकतो, मधली व्यक्ती ते बोलून सांगते आणि उत्तर टंकून परत पाठवते. १९९० च्या कायद्याने ही सेवा साऱ्या अमेरिकेत, अहोरात्र देणे बंधनकारक झाले.

आपल्याकडे काय झाले? पिवळ्या पाट्यांचे एस.टी.डी. बूथ तुमच्या आईवडिलांना आठवत असतील. ते देताना अपंगांना प्राधान्य असे. त्यावर कित्येकांचे संसार चालले आणि मोबाइल आल्यावर थांबलेही. ती योजना चांगलीच होती. पण तिने अपंग माणसाला फोनच्या गल्ल्यावर बसवले. त्याला स्वतःला फोन करता यावा, याचा विचार तीत नव्हता.

पैसा नाही म्हणून अडले, असेही म्हणता येत नाही. टेलिफोन कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम एका सार्वत्रिक सेवा निधीसाठी घेतली जाते. म्हणजे तुमच्या रिचार्जमधले चार पैसे त्यात जातातच. खेड्यातील सार्वजनिक फोन आणि ग्रामपंचायतींपर्यंत जाणारे भारतनेटचे प्रकाशतंतू याच निधीतून आले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले आणि २०२४ च्या नियमांत ज्यांच्यासाठी हा पैसा वापरावा त्यांत दिव्यांगांचा उल्लेख स्पष्ट आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बँकेच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता न येणाऱ्या ॲसिडपीडित व्यक्तींनी आणि एका दृष्टिहीन नागरिकाने ही दाद मागितली होती.

तेव्हा माझे म्हणणे असे, की या निधीतून चोवीस तास चालणारी मध्यस्थ सेवा उभी करावी आणि ती प्रत्येक कर्णबधिराला हक्काने, फुकट मिळावी. कर्णबधिर माणूस व्हिडिओवर खुणा करील, दुभाषी त्या बोलून सांगेल. हात वेगाने हलतात, म्हणून सेकंदाला वीस-पंचवीस चित्रे नीट पोहोचावी लागतात. आजच्या जाळ्याला ते जड नाही. अवघड आहे ते दुभाषी मिळणे. भारतीय सांकेतिक भाषेचे प्रशिक्षित दुभाषी आपल्याकडे फारच थोडे आहेत. पैसा तेथे लागेल, वर्षानुवर्षे लागेल.

तुम्ही म्हणाल, आता मेसेज आहेत की! मित्राला मेसेज ठीक आहे. पण बँक, दवाखाना, वीज मंडळ अजून बोलणेच मागतात. शिवाय ज्याची पहिली भाषा खुणांची, त्याला मराठी ही दुसरी भाषा असते. आणि वयस्कर कर्णबधिरांपैकी कित्येकांनी शाळाच पाहिलेली नाही. संगणक आता बोलणे ऐकून लिहून दाखवतो, हे खरे. पण घाबरलेल्या आजीची बारामतीकडची बोली तो बिनचूक लिहील, यावर मी तरी रात्री दोन वाजता विसंबणार नाही.

"थोड्यांसाठी एवढा खर्च?" हाही प्रश्न येईल. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची नोंद सुमारे ५० लाख होती. आणि फोनला दोन टोके असतात. त्या घरून फोन येत नाही तेव्हा डॉक्टरलाही तो मिळत नाही.

गावाच्या पातळीवरही थोडे करता येईल. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. तुमच्या गावात त्यातून काय घेतले, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा. कार्यालयात एक कॅमेरा आणि मोठा पडदा त्यात सहज बसेल.

एक प्रयोगही करा. बंद खिडकीच्या काचेआड मित्राला उभे करा. "पुष्करणीपासून उत्तरेला दुसरी वस्ती, मुलाला साप चावला आहे" एवढे त्याला नुसत्या हातवाऱ्यांनी कळवा आणि घड्याळ लावा. नंतर दोघांनी आधी ठरवलेल्या खुणा वापरून तोच निरोप पुन्हा द्या. दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवा. १०८ ला मात्र उगीच फोन लावू नका!